लुगड्याच्या बदल्यात घर

सेक्टर ६, भिलाई
१२ जून २०२३

चि. रुक्मास देवरावदादाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून पत्र. आपले थोरले बंधू कृष्णराव नेहरू नगरचं घर विकायला काढून राहिले. तुझ्या हिश्श्याचं विचारलं तर म्हणतात, बाबा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला रुक्मानं चार लोकांसमोर भावाचं लुगडं घेतलं, तिचा हक्क तिथंच सुटला. अंगाची आग झाली.

मी आठवी पास, पण कायदा ओळीनं वाचला आहे. घर बाबांच्या स्वकमाईचं. मृत्युपत्र नाही, आई आधीच गेली. तिघं भावंडं, तीन सारखे हिस्से; लग्नानं मुलीचा कमी होत नाही. हक्कसोड लेखी लागते, नोंदणी केलेली. लुगड्याची नोंदणी होत नाही. आधी नोटीस दे. नाही ऐकलं तर दुर्गच्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा टाक आणि विक्रीला मनाई माग. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

लोभ असू दे, त्याची वाटणी होत नाही.

देवराव

गोंदिया
३ जुलै

ती. स्व. दादास रुक्माचा जय भीम. वि. वि.

नोटीस गेली. उत्तरात मोठ्या भाऊंनी मलाच हावरी म्हटलं. बाबा गेले तेव्हा माझ्या हातात कोणी काय ठेवलं, मला शुद्ध होती का? त्या लुगड्याची घडीही मोडली नाही मी.

प्राधिकरणानं दिलेल्या दुर्गच्या वकीलबाई म्हणतात, दावा तुम्ही दोघांनी मिळून टाका. तू लवकर त्यांच्याकडे जाऊन सही कर. गिऱ्हाईक घर पाहून गेलं म्हणतात.

वहिनीला नमस्कार, रोशनीला आशीर्वाद.

रुक्मा

भिलाई
१० जुलै

चि. रुक्मास जय भीम. वि. वि.

सही आत्ता नको. रोशनीचं लग्न जुळून राहिलं, आणि मुलाकडचे लोक कृष्णरावांच्या ओळखीचे. मंडपात मोठ्या काकाची खुर्ची रिकामी दिसली तर लोक विचारतील, कावून? त्या माणसाचं तोंड पाहायची मले इच्छा नाही, पण पोरीचं पाहावं लागते. तू दावा टाक. मी मागे उभा आहे.

माया पातळ होऊ देऊ नको.

देवराव

गोंदिया
२ ऑगस्ट

ती. स्व. दादास जय भीम. वि. वि.

मागे उभं राहणाऱ्याला कोर्टात जागा नसते. वाटणीच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदाराचं नाव लागतंच, इकडे नाही तर तिकडे. दावा टाकला. विक्रीला तूर्त मनाई मिळाली. तुझं नाव मोठ्या भाऊंच्या खाली आहे. त्यांचं लुगडं त्यांना पार्सलनं धाडलं.

राग आला तरी पत्र टाक.

रुक्मा

भिलाई
२८ ऑगस्ट

चि. रुक्मास जय भीम. वि. वि.

समन्स मिळालं. प्रतिवादी क्रमांक दोन, देवराव. ज्यानं तुले कायदा सांगितला, त्यालेच तू त्या माणसाच्या रांगेत बसवलं. रात्री जेवलो नाही. तुझी वहिनी ममता म्हणते, सही केली असती तर वादीच्या रांगेत असता. तिच्यावरही ओरडलो.

तुझ्या दाव्यात चूक आहे. घराच्या पूर्वेला रस्ता नाही, नाली आहे, रस्ता उत्तरेला. दुरुस्ती कर, नाही तर त्यांचा वकील तेवढंच धरून बसेल.

माझा लेखी जबाब काल दाखल केला. त्यात लिहिलं, वादी रुक्मा हिचा एक तृतीयांश हिस्सा मला मान्य आहे. खाली पूर्ण नावाची सही. मुलाकडच्यांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. सोयरीक ठेवायची की मोडायची, त्यांचं ते पाहतील. रोशनी म्हणाली, बरं केलं बाबा.

कोर्टात पेशीच्या तारखेला येशील तेव्हा दुसरीकडे उतरू नको. प्रतिवादीचं असलं तरी घर तुझंच आहे.

तुझा दादा,
प्रतिवादी क्र. २