पार्ल्याला दिलेली डिस्कसची जोडी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. सहा वर्षं एका घरात राहिलो, पण सासरे-सून म्हणून आपण सलग दहा वाक्यं तरी बोललो असू का? आणि आज मी वही घेऊन तुमच्याशी बोलायला बसलेय!

कारण सांगते. सकाळी विजय आणि आई तेराव्याचं सामान आणायला गेले होते, तेव्हा पार्ल्याचे नाईक मास्तर आले. तुम्ही तुमचे मासे ज्यांना दिलेत ते. तासभर बसले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष लागत नाहीये.

मी लग्न होऊन वाकोल्याच्या खोलीत आले तेव्हा तुमची मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. तुम्ही दिवसभर त्या काचेच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसायचात. क्रॉफर्ड मार्केटातून डिस्कसची सहा पिल्लं आणली होतीत, बशीसारखी गोल, चपटी. चार गेली. उरलेल्या दोघांना किती जपायचात! नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, तो त्यांना सोसत नाही, म्हणून पिंपात दोन दिवस पाणी मुरवायचात. थंडीत लाइट गेली की स्वतःची चादर टाकीभोवती गुंडाळायचात. आई म्हणायची, "माका कधी चादर घातलंत काय?" तुम्ही नुसते हसायचात.

ती जोडी अंडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकायची. किती वेळा झालं असेल! तुम्ही पुन्हा पाणी बदलायचात.

मग माझं बाळ गेलं. सातव्या महिन्यात.

हॉस्पिटलातून आले तेव्हा शेजारपाजारच्या बायका खूप बोलल्या. पुढच्या वेळी होईल, देवाची इच्छा, काय नि काय. तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलंस?" मग रोज तेच. मला तेव्हा राग यायचा अण्णा. वाटायचं, ह्या माणसाला दुसरं काही सुचत नाही का?

दीड महिन्यानंतरची ती सकाळ. मी भांडी घासत होते. तुम्ही हाक मारलीत, "सुलभा, हय ये गो. बेगीन!" तुमचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. टाकीत त्या दोन माशांच्या अंगाला बारीक बारीक पिल्लं चिकटली होती, तिळाएवढी. तुम्ही म्हणालात, "बघ, आवशी-बापाशीच्या आंगावरचो चिकट रस खातत. ह्या टायमाक जगली!"

आणि मी काय म्हणाले? "माझं मूल गेलं, आणि तुम्हाला माशांच्या बाळंतपणाचं कौतुक?"

तुम्ही खांद्यावरचा पंचा काढलात आणि टाकीवर घातलात. बस्स. का नाही ओरडलात माझ्यावर? "मला हे म्हणायचं नव्हतं" एवढं तरी म्हणायचं होतंत!

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर टाकी रिकामी. विजयने विचारलं, "अण्णा, मासे कुठायत?"

"दिलंय. कंटाळो इलो."

तो हसला. आईसुद्धा. त्यानंतर चार वर्षं घरात तुमची थट्टा चालली. तुम्ही शिवणाचं मशीन आणायचं म्हटलंत, विजय म्हणाला, "नको, माशांसारखं होईल. दोन दिवसांचं वेड!" मला खरं कारण ठाऊक होतं. मी पोळ्या लाटत राहिले.

पण सगळं कुठे ठाऊक होतं?

मास्तर म्हणाले, बसमध्ये धक्के लागतील म्हणून तुम्ही पार्ल्यापर्यंत चालत गेलात, पाण्याचा डबा छातीशी धरून. त्यांनी तुम्हाला आदल्या संध्याकाळीच विनवलं होतं, "पंधरा दिवस थांबा हो. आत्ता हलवलीत तर पिल्लं मरतील." तुम्ही म्हणालात, "ठाव हा माका. पण माझ्या सुनेक ता बघवणा नाय."

एकही पिल्लू वाचलं नाही. तीन वर्षं तुम्ही ज्याची वाट पाहिलीत, ते दोन दिवसांत संपलं. आणि तुम्ही घरी येऊन मला विचारलंत, "जेवलंस?"

दर रविवारी तुम्ही गप्पा मारायला पार्ल्याला जायचात असं आम्ही समजत होतो. तुम्ही तिथे पाणी बदलत होतात! आपली मुग्धा झाली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "आता न्या की जोडी परत." तुमचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: "तिना आपणहून म्हटल्यान तर नेयन."

मी कधीच तसं म्हटलं नाही अण्णा. मुग्धा मांडीवर आली, मी सुखी झाले आणि रिकाम्या टाकीत बटाटे-कांदे ठेवू लागले. तुमच्या डोळ्यांसमोर. एकदा तरी म्हणायचंत, "सुलभा, आणू काय गो?" मी नाही म्हणाले असते का? खरंच सांगते, मलाही माहीत नाही.

मास्तर म्हणाले, जोडीतली मादी गेल्या वर्षी गेली. तुम्ही त्या रविवारी घरी येऊन न जेवता झोपलात. मी विचारलंसुद्धा नाही.

तुमची माफी मागणार नाही. द्यायला तुम्ही नाही आहात, आणि असतात तर न मागता दिली असतीत, तेच सोसवत नाही.

परवा तेराव्याला सगळे जमतील. गावाहून काका येतील. कोणीतरी तुमच्या माशांची गोष्ट काढणारच, आणि सगळे हसतील. तेव्हा मी ताट खाली ठेवून, सगळ्यांसमोर, तुमच्या मुलासमोर सांगेन की अण्णांना कंटाळा आला नव्हता. मी काय बोलले होते ते शब्दन् शब्द सांगेन. विजय चिडेल, आई रडेल. चिडू देत, रडू देत. ह्या वेळी मी गप्प बसणार नाही, हा माझा शब्द.

तुमची सून,
सुलभा