चावणारे बूट

गोंदिया, ता. २६ फेब्रुवारी १९३५

तीर्थस्वरूप केशोदादांस,

धाकट्या खेमराजचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, माझ्या टाचा सोडून.

तक्रार गंभीर आहे, म्हणून आधी तीच. आपण मेहेरबानीने दिलेल्या काळ्या बुटांनी रविवारी नागपुरात माझ्या दोन्ही टाचा सोलून काढल्या. ते आपल्याला झाले नाहीत म्हणून माझ्या पायात आले. आपल्याला जे चावतं ते दुसऱ्याला देऊन वर उपकार करायचे, ही आपली रीत जुनीच आहे.

कामगिरी मात्र चोख बजावली. "तुला सुट्टी आहे, वहिनीला नागपूर दाखव, दिवे लागायच्या आत सौंदडला आणू नको," हा आपला हुकूम. मूल नाही म्हणून त्या दिवशी आपण दुसऱ्यांदा बाशिंग बांधणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी हौशी दिराचं सोंग आणून टांगा ठरवला, संत्री घेतली.

अजबबंगल्याच्या संग्रहालयात वहिनी पेंढा भरलेल्या हरणापुढे बराच वेळ उभी राहिली.

"याले मेल्यावर ठेवलं?"

"हो."

"बरं हाये. मेल्यावर तरी जागा भेटते."

मी हसलो. विनोद करणारा माणूस मी, आणि मला तो कळला नाही.

मग शुक्रवारी नावाच्या तलावावर बसलो. आपल्याकडची बाई तळं पाहिलं की आधी त्याची पाळ, मातीचा बांध, पाहते, तिनेही पाहिली. मग म्हणाली, "पाळीवर माती टाकनाऱ्याले चिन्नोर कोन चारते, भाऊजी?"

दादा, आपण हुशार, पण इथे चुकलात. पाळीचं काम निघालंय, मजुरांना जेवण आहे, असं सांगून लग्नाचा बारीक चिन्नोर तांदूळ आपण तिच्याकडूनच कांडून घेतलात.

"मजुराले जाडा तांदूळ देते," ती म्हणाली. "चिन्नोर लग्नाले निघते. कांडतानीच समजलं मले."

मी संत्रं सोलत राहिलो. शेवटी विचारलं, "मग आलात कायले?"

"घरी राहून का करू? सवतीच्या पंगतीत मलेच वाढाले लावलं असतं. उठा, वाघ पाहाचा राहिला."

टांगा नको म्हणाली. महाराजबागेपर्यंत चालवलं मला, तिथून सीताबर्डीचा बाजार, मग स्टेशन. मी लंगडत होतो, ती मधूनमधून वळून बघत होती. सबंध दिवसात तेवढीच तिची करमणूक झाली असावी.

गोंदियाला गाडी बदलायची, तर वहिनी डब्यातून हलेना; तीच गाडी पुढे सालेकस्याला जाते. "माह्यं सालेकस्याचं तिकीट काढा. भोजराजकडे जातो. भाऊ हाये माहा, हाकलनार नाही."

पुढचं लिहायचं टाळत होतो. मी गप्प राहून तिकीट काढून देऊ शकलो असतो. सालेकस्याच्या कुलपाने तिला सांगितलं असतं, माझं तोंड वाचलं असतं. पण गाडीने शिट्टी दिली आणि मी बोलून गेलो, "भोजराज सौंदडला आहे. दादाने बोलावलं, तो गेला."

ती रडली नाही. "मंग माहा चिन्नोर खाऊन राहिला असन," एवढंच म्हणाली आणि उतरली.

सौंदडची गाडी लागली. वहिनी बाकावर बसून राहिली, मी बाजूला. गाडी सुटली.

"हिंडवलं तुमी," ती म्हणाली, "आता ठेवा बी तुमीच."

तेव्हापासून ती इथे गोंदियात आमच्या घरी आहे. सुमित्राने काहीएक न विचारता तिचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं आणि माझं ओसरीवर. माझी बायको माझ्याशी बोलत नाही, वहिनी नेहमीसारखी बोलते. कोणती शिक्षा मोठी, ते अजून ठरत नाही.

न्यायला येऊ नये. आलातच, तर दारात सुमित्रा असेल. मी मध्ये पडणार नाही. नव्या वहिनींना नमस्कार, आणि भोजराजला पंगत पचली का, तेवढं कळवावं.

हे पत्र घेऊन येणाऱ्या देवचंदपाशी बूट दिले आहेत. पुसले आहेत, आतून तेल लावलं आहे. नागपूरभर हिंडून चांगले सैल झालेत. आता आपल्याला होतील.

आपला, निरुपायाने सख्खा,
खेमराज