भावाच्या नंबरावर घेतलेले माझे घर

मी, रेमेडियोस माकातांगाय, हाक मारायचे नाव मेडिंग, राहणार बारांगाय सान रोके, लिपा, प्रांत बातांगास, धंदा आयुष्यभर हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची घरे पुसणे, आता निवृत्त, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हृदय अधू झाले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी भरीला घातलेले नाही. मी रागात आहे हे खरे. पण वकीलबाईंना विचारून घेतले, रागात लिहिले म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही.

१. माझे आईवडील वारले. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. मागे उरतो धाकटा भाऊ एफ्रेन. मी काही न लिहिता मेले तर घर कायद्याने त्याला जाईल आणि तो ते विकून मोकळा होईल. गिऱ्हाईक त्याने आत्ताच हेरून ठेवले आहे. माझ्या कानावर पडेल अशा बेताने बोलतो. म्हणून हा कागद.

२. सदर घर माझे कसे, हे नोंदवणे जरूर आहे. हाँगकाँगला रविवारी सुट्टीच्या दिवशी बँकेच्या इमारतीखाली पुठ्ठे अंथरून आम्ही बायका भात खात बसायचो. तिथे लिपातली घरे विकणारा एक एजंट आला. घर मला पसंत पडले. मग त्याने माझा करक्रमांक विचारला, त्याशिवाय घर नावावर होत नाही. तो मला नव्हता. परदेशात राबणाऱ्या मोलकरणीकडून आमचे सरकार कर घेत नाही, त्यामुळे नंबर मला कधी कोणी विचारलाच नव्हता. विमानतळावर मात्र आमच्यासाठी फलक लावतात, देशाच्या वीरांनो, स्वागत!

"नंबर नाही? मग भावाच्या नावावर करू की, ताई," एजंट म्हणाला. "भाऊ काय परका आहे?"

एफ्रेन नगरपालिकेच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्याला नंबर होता. मी फोन लावला. "नाव कुणाचं का असेना, ताई," तो म्हणाला. "रक्त तर एकच ना?"

पैसे मी भरले, घर त्याच्या नावावर झाले. हा नंबर फुकट मिळतो. एका सकाळचे काम असते. हे एजंटला ठाऊक होते आणि एफ्रेनलाही ठाऊक होते. मला सांगायला मात्र दोघांची जीभ झडली होती. सदर एजंटला माझ्या इस्टेटीतून माझा शाप द्यावा, पूर्ण आणि विनाअट.

३. मी कायमची परत आले तेव्हा माझ्या खोलीत एफ्रेनच्या झुंजीच्या कोंबड्यांचा दाणा भरलेला होता.

"तू बाहेर बाकावर झोप, ताई. पाहुण्यांना तिथंच घालतो आम्ही."

"पाहुणी? माझ्या घरात?"

"कागदावर नाव वाच की एकदा."

मी तक्रार घेऊन बारांगायच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, कप्तानाकडे गेले. ऐकायला सगळी गल्ली लोटली. आमच्याकडे परदेशच्या कमाईतून घर उभे राहिले की तसे फाटकावर रंगवायची पद्धत आहे. एफ्रेननेही मोठ्या हौसेने, स्वतःच्या हाताने, लाल रंगात लिहिले होते, 'कातास नं हाँगकाँग', म्हणजे हाँगकाँगचा पिळून काढलेला रस.

कप्तान म्हणाला, "एफ्रेन, तू हाँगकाँगला कधी गेला होतास रे?"

"मी? कधीच नाही."

"मग फाटकावर रस कुणाचा?"

लोक खो खो हसले. "ते आपलं शोभेला लिहिलंय," एफ्रेन पुटपुटला. तेव्हा त्याची बायको लुनिंगनिंग उठली. ही बाई चारचौघांत कधी तोंड उघडत नाही.

"शोभेला? घर ताईचं आहे. तुझ्या कोंबड्यांनी आजवर या घरात एक खिळा आणलेला नाही."

मग मी स्वतःचा नंबर काढला आणि गल्लीच्या लाजेने एफ्रेनने घर माझ्या नावे करून दिले. त्या संध्याकाळी त्याने बायकोचे कपडे अंगणात भिरकावले. मी ते उचलून आत आणले. तेव्हापासून जेवताना तो तिला ऐकवतो, "ताईचे डोळे मिटू देत, मग दाखवतो तुला घर कुणाचं ते." माझा सगळा राग आता या एका वाक्यावर आहे.

४. शिलाई मशीन शेजारीण तेरेसिताच्या सुनेला द्यावे, तेरेसिताला नव्हे. ती कात्री परत करत नाही. कराओकेचे यंत्र मोडीत घालावे. ते मीच पाठवले होते, शेजाऱ्यांनी माफ करावे.

५. एफ्रेनला माझी मोठी सुटकेस द्यावी, चाके अजून चांगली आहेत. ती कशासाठी, हे त्याला पुढचे कलम वाचून कळेल.

६. घर आणि त्याखालची जमीन माझ्या पश्चात लुनिंगनिंगची. तिच्या एकटीची. नवराबायकोची सामाईक मालमत्ता ती धरू नये. तिने ठेवला तर एफ्रेन राहील, नाही ठेवला तर जाईल. तिच्यावर कोणी दडपण आणले तर मी थडग्यातून उठून येईन, हे कायदेशीर भाषेत कसे लिहितात ते वकीलबाईंना माहीत नाही, म्हणून माझ्याच भाषेत लिहिले.

७. मागच्या आठवड्यात दात दाखवायला जाऊ म्हणून मी लुनिंगनिंगला शहरात नेले आणि करकचेरीच्या रांगेत उभे केले. कार्ड हातात पडल्यावर ती ते उलटसुलट करून बघत राहिली.

"मला कशाला हा नंबर, ताई? माझ्या नावावर साधी कोंबडीसुद्धा नाही."

"ठेव जपून," एवढेच मी म्हटले. आणखी एक शब्द काढला असता तर रडले असते, आणि त्या कचेरीत मला रडायचे नव्हते.

लुनिंगनिंग, तू विचारलेस त्याचे उत्तर कलम सहामध्ये आहे.

हा मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि प्रत्येक पानावर सही केली.

लिपा, १९ फेब्रुवारी २०२४

(सही) रेमेडियोस माकातांगाय

साक्षीदार:
(सही) कोन्राडो इलागान, निवृत्त पोस्टमन
(सही) तेरेसिता दिमायुगा, शेजारीण, कात्रीबद्दलचा मजकूर अमान्य करून
(सही) नार्सिसो काटिगबाक, न्हावी

समक्ष: अ‍ॅड. बिएनवेनिदा लुस्त्रे, नोटरी