केतकीचं घर

मु. धामणखेड, पो. मोताळा, जि. बुलढाणा
ता. ८ फेब्रुवारी १९६५

चि. वैजनाथ यास,

वच्छलाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात तू तुझ्या सिनेमा कंपनीला इथं घेऊन आलास. आमची माडी, आमची खिडकी, आमची गल्ली त्यांना दाखवलीस. बावीस दिवस आमच्या घरात दिवे, तारा आणि पानाच्या पिचकाऱ्या. मी काही बोलले नाही, कारण भाऊ आणि तोही मुंबईचा. सिनेमा निघाला, त्यातली केतकी आमच्या खिडकीतून उतरून शाहिराबरोबर पळून गेली आणि मलकापूरच्या टॉकीजमध्ये बाया पदर ओला करून बाहेर आल्या. इथवर ठीक होतं. पण आता लोक खिडकी बघायला येतात रे! गाड्या जुंपून येतात, एसटीनं येतात, परवा तर शाळेची सहल आली. फाट्यावर एसटी थांबली की कंडक्टर केतकी फाटा म्हणून ओरडतो. धामणखेड हे नाव त्यानं टाकूनच दिलं.

या सगळ्याचे कर्ते आमचे रामराव भाऊजी. सरपंच झाल्यापासून त्यांना एकच ध्यास, की रोहिणखेडला जुनी मशीद आहे, आपल्या गावाला काय आहे? आता त्यांना सापडलं. माझ्या दाराच्या कपाळावर 'केतकीचे घर' अशी पाटी ठोकली आहे. शैलजाचे वडील जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून या घरात मी आणि शैलजा दोघीच. पाटी ठोकताना दिरानं मला विचारलंसुद्धा नाही.

शैलजाचं संग्रामपूरकडे बोलणं चालू आहे. मुलगा चिंतामण, शाळेत मास्तर आहे. मोताळ्याला तिच्या आत्याकडे पाहणं झालं, दोघांनी एकमेकांना पसंत केलं. अक्षय तृतीयेनंतर कुंकू लावायचं ठरतंय. अशा वेळी पोरगी अंगणात वाळवण घालायला निघाली की पन्नास डोळे तिच्यावर. तू भाऊजींना चार ओळी लिही आणि ती पाटी काढायला लाव. ते तुझं ऐकतील, माझं ऐकणार नाहीत.

सूनबाईस आणि मुलांस आशीर्वाद. माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात ठेव.

तुझी,
वच्छलाअक्का

मुंबई
ता. २० फेब्रुवारी १९६५

ती. अक्का हिला,

वैजनाथचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवलं. केतकी फाटा ऐकून आमचे मालक खुर्चीतून पडायचे राहिले!

अक्का, तू उगाच तापतेस. लोक चार दिवस येतील, बघतील, जातील. गावात दोन हॉटेलं निघाली तर वाईट काय? आणि तुला एक गंमत सांगतो. सिनेमाच्या सुरुवातीला 'ही सत्यकथा आहे' अशी पाटी येते ना, ती माझीच सूचना. आपल्याकडची माणसं खोट्या गोष्टीला रडत नाहीत, खरी म्हटली की धाय मोकलतात. मालकांना एवढी पटली की त्यांनी मला पुढच्या चित्रात बढती दिली. कथा लिहिणारा दादरला राहतो, त्यानं आयुष्यात नांगर पाहिलेला नाही.

रामराव भाऊजींना लिहीन, पण आत्ता लगेच नको, त्यांचा हुरूप आहे. शैलजाच्या लग्नाला आम्ही चौघं आठ दिवस आधी येतो. मामाचा आहेर असा आणीन की संग्रामपूरकर बघत राहतील.

राग ओसरला की उत्तर लिही. नाही ओसरला तरी लिही.

तुझा धाकटा,
वैजनाथ

धामणखेड
ता. ११ एप्रिल १९६५

चि. वैजनाथ यास,

वच्छलाचे आशीर्वाद. ते द्यावेत की नाही, याचा आज विचार करावा लागला.

संग्रामपूरचं स्थळ मोडलं. कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका त्यांच्याच जोशीबुवांनी जुळवली होती, छत्तीसपैकी सत्तावीस गुण! मी मोताळ्याला नणंदेकडे गेले, खोदून विचारलं, तेव्हा खरं काय ते कळलं.

आपल्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलाकडचं एखादं मोठं माणूस न सांगता गावात येऊन चौकशी करतं, हे तुला ठाऊक आहे. आपल्या बाबांनीही माझ्या वेळी केली होती. पाराजवळ बसायचं, चहा प्यायचा, नाव न सांगता घराणं कसं, मुलगी कशी, ते काढून घ्यायचं. तसे चिंतामणचे मामा वामनराव आले. पण पाराजवळ आता चौकशी कोण करणार? तिथं केतकी टी स्टॉल आहे. त्यांना वाटलं, या गर्दीत मिसळलेलं बरं. ते खिडकी बघणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले.

खिडकीखाली बनाबाई बसलेली असते. गावभर गोष्टी सांगत फिरणारी म्हातारी, भाऊजींनी तिला तिथं बसवलं आहे. पहिल्यांदा ती सिनेमातली गोष्ट सिनेमातली म्हणूनच सांगायची. पण लोकांची तोंडं उतरायची. इतक्या लांबून येऊन नुसती खिडकीच? मग तिनं सुरू केलं, म्या या डोयानं पाह्यली तिले जाताना. लोक खूश. मग विचारू लागले, पुढं काय झालं तिचं? तर हिनं सांगितलं, शाहिरानं टाकून देल्ली, मायनं घरात घेतली. आणि त्या दिवशी शैलजा माडीवर कपडे वाळत घालत होती. बनाबाईनं बोट वर केलं आणि म्हणाली, ते पाहा, तेच हाय ते!

वामनरावांनी वर पाहिलं, मोताळ्याला पाहिलेली मुलगी ओळखली आणि दुपारच्या एसटीनं परत गेले. आपल्या घरी सांगितलं, सिनेमात मोठ्या अक्षरात सत्यकथा लिहिलं आहे, गावातली म्हातारी सांगते, वर पाटी आहे. आणखी काय पुरावा हवा? खरं सांगू, त्यांच्या जागी आपले बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

मी बनाबाईला जाऊन विचारलं, काऊन केलं हे? ती रडायला लागली. म्हणाली, मायबाई, खोटं आयकाले कोन येते एवढ्या दूर? तिच्यावर मला रागावताही आलं नाही. राग आहे तो तुझ्यावर. सत्यकथा म्हणे! बढती मिळाली ना? ती माझ्या पोरीच्या नावावर मिळाली आहे, हे लक्षात ठेव. लहानपणी तू खोटं बोललास की मी तुझ्या वाटची बोलणी खायचे. आता मला ते जमणार नाही.

शैलजा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून माडीवर गेली आणि खिडकीला आतून कडी घातली. भाऊजींनी येऊन ती उघडली, कारण यवतमाळचे पाहुणे यायचे होते.

वच्छला

ग्रामपंचायत कचेरी, धामणखेड
ता. २६ एप्रिल १९६५

रा. रा. वैजनाथराव यांसी,

रामराव कारभारी यांचा सप्रेम रामराम. वि. वि. आपल्या कृपेने आमच्या गावास जे नाव मिळाले त्याबद्दल पंचायतीने अभिनंदनाचा ठराव एकमताने पास केला आहे. नक्कल सोबत जोडली आहे.

दि. २३ मे रोजी केतकी मेळा भरविण्याचे योजिले आहे. लाऊडस्पीकर, कुस्त्या, महिलांसाठी हळदीकुंकू. आपण नटीबाईंना घेऊन अवश्य यावे. त्यांना जमणे शक्य नसल्यास चि. शैलजा हिस केतकीचे हिरवे लुगडे नेसवून खिडकीत उभी करावी, अशी कमिटीची सूचना आहे. नाहीतरी आता ती लोकांच्या ओळखीची झालीच आहे. वहिनीसाहेब जरा हट्टाला पेटल्या आहेत. आपण भाऊ या नात्याने त्यांची समजूत घालावी.

संग्रामपूरचे स्थळ गेले याचे मलाही दुःख आहे. मुलगी माझीही आहे. परंतु एक स्थळ गेले तर दुसरे येईल, गावाचा भाग्योदय पुन्हा येत नाही. फाट्यापर्यंत डांबरी सडक मंजूर होण्याच्या बेतात आहे.

भेटीची वाट पाहतो. स्नेह वाढता ठेवावा.

आपला,
रामराव

धामणखेड
ता. २५ मे १९६५

चि. वैजनाथ यास,

आशीर्वाद. तुझ्या पाच पत्रांना उत्तर दिलं नाही. शरमेनं मेलो, असं पाचही पत्रांत लिहिलं आहेस. मेलेला माणूस पाच पत्रं लिहीत नाही. भाऊजींना पाटी काढायला लिहिलंस, तेही कळलं. ते पत्र त्यांनी मेळ्याच्या मंडपात लावलं होतं, मुंबईहून आलेलं म्हणून.

मेळ्याच्या दिवशी शैलजा गेली. पळून नाही. मला सांगून, माझ्यासमोर ट्रंक भरून गेली. बुलढाण्याला तिच्या जुन्या शिक्षिका अन्नपूर्णाबाई आहेत. त्यांच्याकडे राहून जूनमध्ये अध्यापिका विद्यालयात नाव घालायचं, असं तिनं आणि त्यांनी पत्रानं ठरवलं होतं. मी म्हटलं, आदल्या दिवशी गुपचूप जा, मेळ्याची गर्दी नको. ती म्हणाली, गुपचूप मी का जायचं? बाराची एसटी आहे, मी बाराच्या एसटीनं जाईन.

गल्लीत हजारभर माणूस होतं. सगळे वर खिडकीकडे बघत उभे. आम्ही खालचं दार उघडलं, ती ट्रंक घेऊन पुढं आणि मी मागं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक जण ओरडला, आली बे केतकी! आणि टाळ्या, शिट्ट्या. कुणी विचारतो, शाहीर कुठं हाय? एकानं तिच्यावर फुलं फेकली. शैलजाची मान ताठ होती, पण केसांत अडकलेलं फूल तिनं झटकून काढलं. ते मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

वैजनाथ, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून भाऊजींसमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही की आवाज चढवला नाही. त्या दिवशी ओट्यावर उभी राहून ओरडले. हे माही पोरगी हाय, शैलजा नाव हाय तिचं, हे कुठं पळाली नाही, तुमाले लाजा कशा वाटत नाही, एका पोरीच्या जिंदगीचा तमाशा करून राह्यले! पदर कुठं, भान कुठं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं, कळलं त्यांना.

मग त्यांनी आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. एक बाई शेजारणीला सांगत होती, सिनेमातल्या मायपेक्षा हे बरी करते. भाऊजी मंडपातून हात जोडून माझ्याकडे बघत होते, कौतुकानं.

तू एक काम कर. स्थळासाठी नाही, ते गेलं आणि शैलजालाही आता नको आहे. पण संग्रामपूरला जा आणि वामनरावांना सांग की माझी मुलगी हे घर सोडून पहिल्यांदा गेली ती २३ मेला, दुपारी बारा वाजता, दारातून. हे एका तरी माणसानं खरं मानलं पाहिजे.

अक्का

शेगाव स्टेशन
ता. १३ जून १९६५

ती. अक्काच्या चरणी,

सा. न. वि. वि. काल संग्रामपूरला जाऊन आलो. आता गाडीची वाट बघत फलाटावर बसून लिहितो आहे.

वामनराव भले गृहस्थ आहेत. पाट दिला, चहा दिला. चिंतामण कोपऱ्यात वह्या तपासत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. दादरचा लेखक, माझी सत्यकथेची पाटी, बनाबाई, मेळा, तू ओट्यावर उभी राहिलीस तेही. वामनरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं, झालं काम.

मग ते म्हणाले, वैजनाथराव, तुमचं सांगनं असं हाय का दगडाले पाझर फुटंन. पन तुमचा धंदाच तो हाय ना!

मी शपथा घेतल्या. ते नुसते समजूतदारपणे मान हलवत राहिले. अक्का, मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि त्यांचं काही चुकलेलंही नव्हतं. दुसरा कुणीही गेला असता तर त्यांनी ऐकलं असतं. तू नेमकं मला पाठवलंस आणि मी नेमका जगातला असा एकच माणूस होतो की ज्यानं जायला नको होतं.

मालकांना सिनेमातली ती सत्यकथेची पाटी काढायला सांगितली. ते म्हणाले, रौप्यमहोत्सव होऊ दे. नोकरी सोडली असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण सोडलेली नाही. दोन मुलं आहेत. खोटं लिहायचं नाही एवढं ठरवलं आहे.

तू शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.

अपराधी,
वैजनाथ

बुलढाणा
ता. २ जुलै १९६५

ती. मामा यांना,

शैलजाचा सा. न. वि. वि. तुमचं संग्रामपूरचं वर्तमान आईनं मला कळवलं. मला ते वाचून तुमची दया आली नाही, राग आला. तुम्हा दोघांचाही.

तुम्ही माझी गोष्ट सांगायला गेलात, मला न विचारता. काकांनी पाटी लावली तेव्हा मला विचारलं नाही, बनाबाईनं बोट दाखवलं तेव्हा विचारलं नाही, आईनं तुम्हाला पाठवलं तेव्हाही नाही. प्रत्येकाला माझी काळजीच होती! मी खरी आहे हे वामनरावांना पटलं नाही तर मी काय कमी खरी होते? आणि चिंतामण मास्तर तिथंच होते ना? मोताळ्याला माझ्याशी दहा मिनिटं बोलून पसंती देणारा माणूस वह्यांतून मान वर करत नसेल, तर त्या घरात जायचं वाचलं म्हणून मी पेढे वाटायला हवेत. वाटले नाहीत, कारण त्या दिवशी रडू आलं. ते मला आवडले होते, मामा. एवढं तुम्हाला सांगते, आईला कळवू नका.

इथं पहिल्याच दिवशी वर्गात एकीनं विचारलं, धामणखेड म्हणजे केतकीचंच ना? तू पाहिली होतीस का तिला? मी सांगितलं, ते माझंच घर आहे आणि मी तिथं वाळवणं घालत होते. ती हसली. आता माझ्याशेजारीच बसते. तिचं नाव प्रतिमा, गणितात कच्ची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाणार आहे. अन्नपूर्णाबाई म्हणतात, मोताळ्याला उतर आणि आत्याच्या गाडीनं मागच्या वाटेनं जा. मी जाणार नाही. फाट्यावर उतरेन, भर बाजारातून चालत जाईन आणि घरी पोचल्यावर त्याच माडीवर माझे कपडे वाळत घालीन. ज्यांना बघायचं असेल त्यांनी बघावं.

मामींना नमस्कार, मुलांना गोड पापा. लोभ ठेवा, पण माझ्या वतीनं कुठं बोलू नका.

आपली,
शैलजा