बाबा जिवंत असल्याबद्दलचा खुलासा

भिलाई, सेक्टर ६
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६ वाजून ४० मिनिटं (शब्दकोश उघडून बसलो आहे)

आदरणीय मोठेबाबा,

सविनय जयभीम. आम्ही सर्व ठीक आहोत आणि ‘सर्व’मध्ये बाबाही धरले आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? नऊ वर्षांपूर्वी दुखत होता, त्यानंतरचं कळलं नाही.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. लहानपणी माझी पत्रं तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून साकोलीहून परत पाठवायचात. मी हिंदी शाळेतला, तीही बारावीत सुटलेली, तेव्हा माझ्यात जे काही शुद्ध आहे ते त्या शाईचं.

मागच्या रविवारी जे झालं त्यात दोष माझा आणि माहितीपटाचा (‘हि’ ऱ्हस्व, ‘ती’ दीर्घ, तीनदा पाहिलं). तीन महिन्यांच्या फुकट वर्गात मी तो काढायला शिकतो आहे. विषय बाबा, कारण बाबा ३१ जानेवारीला रिटायर झाले आणि घरीच असतात. पण कॅमेरा लागला की ते सावधान बसतात आणि ‘मैंने सैंतीस साल क्रेन चलाया’ एवढं बोलून पाणी पितात. म्हणून मी त्यांचा निरोप समारंभातला फोटो टेबलावर ठेवला आणि रंग यावा म्हणून त्यालाच झेंडूचा हार घातला. (हे करताना मला काहीही खटकलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो.)

आता, आमचे सर सांगतात की प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. ती एक मिनिट रेकॉर्ड करून आणायची, माहितीपटाचे तुकडे जोडताना लागते. मी मशीन सुरू केलं आणि म्हणालो, ‘एक मिनिट सगळ्यांनी शांत राहा.’ आई लगेच उठून मान खाली घालून उभी राहिली. बाबाही कपाटाआड उभे राहिले. आपल्याकडे ‘एक मिनिट शांत’चा दुसरा अर्थ कोणालाच माहीत नाही. तेवढ्यात शेजारच्या ठकूबाई दही घेऊन दारात आल्या. त्यांनी हार पाहिला, आई पाहिली, बाबा दिसले नाहीत. दही तिथंच ठेवून त्या गेल्या आणि त्यांनी साकोलीला, तुमच्या गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या भाचीला फोन केला.

अर्ध्या तासात अंगणात चौदा माणसं, बरीचशी पांढऱ्या कपड्यांत. बाबा लुंगीवर बाहेर आले.

‘कोन गेलं, बापू?’

त्यांच्या शिफ्टचे दयारामकाका म्हणाले, ‘तू.’

इथली चूक इथं निस्तरली. ठकूबाईंनी लाजेनं साकोलीला उलटा फोन मात्र केला नाही. त्यामुळे दोन वाजता गोंदिया स्टेशनावरून तुमचा फोन आला. मशीन बंद करायला मी विसरलो होतो. पोलाद कारखान्याच्या आवाजानं बाबांचे कान गेले आहेत, फोन स्पीकरवर असतो. म्हणून तुमचा आईला प्रश्न आणि बाबांचं उत्तर, सगळं रेकॉर्ड झालं:

‘शेवंता, बळी किती वाजता गेला वं?’

‘दादा, मी जेवून राहिलो.’

मग तुमचा श्वास. मग, ‘मायच्या मातीले नाही आला तू. मी तुया मातीले याले निघालो होतो बे!’ आणि फोन बंद. तुम्ही तिथूनच परत फिरलात.

त्यानंतरची शांतता एक मिनिट अकरा सेकंद आहे. बाबांनी घास खाली ठेवला, तोही आवाज नाही. सर म्हणाले, इतकी स्वच्छ शांतता आजवर कोणी आणली नाही. मला शाबासकी मिळाली. मी ती घेतली आणि घरी येऊन रडलो.

तुमचा,
धम्मपाल

ता. क. रविवारी, २३ तारखेला वर्गात माहितीपट दाखवणार आहेत. त्यात तुमचा आवाज असल्यामुळे संमतीपत्रावर तुमची सही लागते. पोस्टानं चालते का, हे मी सरांना विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

ता. क. २. बाबांनी पत्र वाचलं. म्हणाले, ‘येवढं रामायन कावून लिवलं? दादाले येकच शब्द लिव.’ त्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, चुकायची सोय नाही, म्हणून तसाच उतरवतो:

ये.