पात्याला कुंकू

तलासरी,
१८ ऑगस्ट २०१६

ती. स्व. बारकी आत्यास,
कविताचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वसतिगृहाच्या खोलीत रेंज नाही, आणि असती तरी तू फोनवर बरं आणि ठेव यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून पुन्हा पत्रच. आई बरी आहे. भात लावून झाला. दादाची पोर प्रगती आता माझ्या दुकानाच्या पाटीवरचं स्वतःचं नाव वाचते आणि दुकान आपलंच असल्याचं गिऱ्हाइकांना सांगते.

आता खरी गोष्ट. काल डहाणूहून एसटीने एक कॉम्प्युटर आला. चालू केला की दहा मिनिटांत तापून बंद पडतो. सोबतच्या चिठ्ठीवर सही नितीनभाईची. हो, तोच, ज्याच्या स्टेशनाजवळच्या दुकानात मी तीन वर्षं काम शिकले. त्याच्याकडे आता कोणी टिकत नाही म्हणे, आणि त्याला स्वतःला बारीक दिसत नाही. ‘प्रगती कॉम्प्युटर’ कोणाचं हे त्याला ठाऊक नाही. गणपतीच्या व्हिडिओंचं सगळं काम याच मशीनवर आहे, लवकर द्या, असं लिहिलंय.

चिठ्ठी वाचून मी आधी दार लावून घेतलं आणि पोटभर हसले. दोन वर्षांपूर्वी तुझ्या शाळेतले दहा नवे कॉम्प्युटर मी जोडले आणि दिवाळीनंतर वर्ग सुरू होताच दहाच्या दहा तापून बंद पडायला लागले, तेव्हा या माणसाने एकही डबा उघडला नाही. नुसता वरून हात लावला आणि तुमच्या सगळ्या स्टाफसमोर सांगितलं की पोरीने पेस्ट चुकीची लावली, भात लावणाऱ्या हातांना हे काम दिलं ही माझीच चूक. त्याच दिवशी मला कामावरून काढलं. मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी शाळेचं फाटक बंद केलं. आजही कोसबाडकडचं एकही काम माझ्याकडे येत नाही. तिकडे माझं नाव शाळेची मशीनं जाळणारी असं आहे, आणि तिकडे माझं अर्धं गोत राहतं.

आणि पेस्ट म्हणे चुकीची. तुला मी मशीनचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, दाखवला होता, आठवतं ना? त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरच्या चार खुंट्या कशा फिरवायच्या तेही दाखवलं होतं. मेंदू आणि कूलर यांच्यात केसाएवढी फट राहते, ती भरायला पेस्ट लागते. पांढरी स्वस्त असते, पण वर्षभरात वाळून तिला भेगा पडतात. करडी महाग, पण टिकते. तुझ्या शाळेसाठी मी नितीनभाईशी भांडून करडी घेतली होती. आपल्या बायका लग्नात भिंतीवर चौक लिहिताना तांदळाचं पीठ ओढतात तशी बांबूच्या काडीने कडेपर्यंत पातळ ओढली होती.

तिसरी एक असते, लिक्विड मेटल. पाऱ्यासारखी दिसते. सगळ्यात थंड ठेवते, पण कूलर तांब्याचा असेल तरच. ॲल्युमिनियमला लागली तर आठवड्याभरात त्याला वाळवी लागल्यासारखं भुसभुशीत करते. नितीनभाईचा कूलर ॲल्युमिनियमचा आहे. उंबरगावच्या एका गेम खेळणाऱ्यासाठी आणलेली सिरिंज माझ्याकडे अर्धी उरलीय. ऐन गणपतीत मशीन बसेल आणि का ते त्याला कळायचं नाही. मी तुला विचारत नाहीये, सांगतेय.

माया आहेच, ती पावसाळ्यात सादळू देऊ नकोस.
तुझी,
कविता

*

कोसबाड,
२३ ऑगस्ट २०१६

चि. कवितास,
बारकी आत्याचे अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून कोंबडी चालून गेल्यासारखंच आहे. तरी पत्र तीनदा वाचलं.

मी नको म्हणेन असं तुला वाटलं असेल. माझं म्हणणं, लाव. चांगली कडेपर्यंत लाव. त्या दिवशी स्टाफसमोर तू एकटी खाली मान घालून उभी नव्हतीस. तुझं नाव या शाळेत मी सुचवलं होतं. तेव्हापासून मी काही सुचवलं की आमचे क्लार्क विचारतात, बाई, हेही तुमच्या भाचीकडूनच का? वसतिगृहाच्या दोनशे मुली माझं ऐकतात, पण स्टाफरूममध्ये माझा शब्द अर्धा झाला. त्या माणसाला घाम फुटलेला मला बघायचा आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कोणाला सांगितलेली नाही. नऊ मशीनं कंपनीने परत नेली, आत काय निघालं ते कधी कळवलं नाही. दहावं मी मागून घेतलं. दोन वर्षं ते माझ्या खोलीत आहे आणि त्याच्यावर पाण्याचा माठ आहे. उघडलं मात्र कधी नाही. खोटं कशाला बोलू, मी भीत होते. सगळ्यांपुढे तुझी बाजू घेतली, पण मनातून मलाही तुझाच संशय होता. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि घाईची होतीस. उघडलं आणि आत तुझीच चूक निघाली तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

तू सूड घ्यायला निघालीस तर मलाही खरं काय ते कळू दे. आमचा शिपाई लक्ष्या शुक्रवारी तलासरीच्या गाडीने ते मशीन घेऊन येईल. त्याला जेवू घाल.

रागातही वेळेवर जेवत जा, एवढीच मागणी.
तुझी,
बारकी आत्या

*

तलासरी,
३१ ऑगस्ट २०१६

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लावली. परवा नितीनभाईचा पुतण्या चिमण येऊन मशीन घेऊन गेला. मी आतल्या खोलीत बसून होते, आईने दिलं.

तुझ्या संशयाचं वाचलं तेव्हा ताट बाजूला सारलं. जग म्हणालं ते मी पचवलं होतं, तू म्हणशील असं वाटलं नव्हतं. पण तू लिहिलंस तरी, आणि मशीन पाठवलंस, म्हणून आज आपण दोघी सुटलो. आता नीट वाच.

माठाचं पाणी पुसून डबा उघडला. कूलर काढला. मेंदूच्या चारी कडांना माझी करडी पेस्ट तशीच होती, काडीच्या रेघांसकट. मधोमध मात्र लाल खपली, वाळलेल्या कुंकवाची. आणि त्या खपलीत रुतलेला, अर्धा चेपलेला तांदळाचा दाणा. अक्षता, आत्या. कूलर त्या दाण्यावर टेकून बसला होता, मेंदूला धड लागतच नव्हता. मग नुसती पेस्ट काय, बर्फ ठेवला असता तरी तापला असता.

हे त्या भगत नितीनभाईशिवाय कोणाचं काम असणार? रोज शटरला उदबत्ती ओवाळल्याशिवाय ज्याचं दुकान उघडत नाही, त्यानेच माझ्यामागे डबे उघडून देवपूजा केली आणि बोट माझ्याकडे केलं. लिक्विड मेटल त्याला कमीच पडली. दाणा चिकटपट्टीने कागदावर लावून सोबत पाठवते. तू डोळ्यांनी बघ आणि मला परत पाठव. गणपती उठले की मी डहाणूच्या बाजारात, त्याच्या दुकानापुढे उभी राहून तो सगळ्यांना दाखवणार आहे. त्याने माझं नाव घालवलं, मी त्याचं घालवते.

आता तरी माझ्यावरचा जीव पुरता असू दे, अर्धा नको.
तुझी,
कविता

*

कोसबाड,
४ सप्टेंबर २०१६

चि. कवितास,
आशीर्वाद.

डहाणूला असं जाऊ नकोस. तो दाणा माझा आहे.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तू घरी गेली होतीस. सकाळी शाळेत पूजा होती. आपण घरी कोयत्याला कुंकू लावतो ते पात्याला लावतो, मुठीला नाही. डब्याच्या पत्र्यावर कुंकू लावणं मला मुठीला लावल्यासारखं वाटलं. खुंट्या कशा फिरवायच्या ते तू दाखवलंच होतंस. लक्ष्याला घेऊन मी दहाही डबे उघडले, मेंदूला ओल्या कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या आणि पुन्हा बंद केले. भाचीच्या हातच्या कामाला आपण आशीर्वाद देतोय, अशा आनंदात होते मी.

नंतर मशीनं तापली तेव्हा हे माझ्या मनातही आलं नाही. पूजेने काही बिघडतं असं कधी वाटलंच नव्हतं. दोन वर्षं मी तुझ्यावर संशय घेत होते, आणि बोट माझं होतं.

काय लिहू पुढे.
बारकी

*

तलासरी,
८ सप्टेंबर २०१६

आत्यास,
नमस्कार. शि. सा. न. आज लिहवत नाही.

पत्र मिळालं त्याच दिवशी डहाणूला गेले. नितीनभाईचं मशीन सकाळपासून दोनदा बसलं होतं आणि तो टेबलाशी डोकं धरून होता. मी तलासरीच्या दुकानातून आलेय, काम पुन्हा बघायचंय, एवढंच सांगितलं. कूलर काढला तर त्याचं बूड नखाने उकरलं जात होतं. थेंब खाली बोर्डावर सांडला नव्हता, हे माझं नशीब. बसवायला माझ्याकडचा तांब्याचा कूलर आणि करडी पेस्ट पिशवीतून काढली. बांबूची काडी हातात घेतली तेव्हा त्याने मला ओळखलं.

मी त्याला सांगितलं की आधीचा कूलर मी मुद्दाम खराब केला होता. तुझ्या दाण्याचंही सांगितलं. त्याने एवढंच विचारलं की विसर्जनापर्यंत चालेल ना. चालेल म्हटलं. त्याने माफी मागितली नाही, मीही नाही. कुंकू त्याचं नव्हतं, पण एक डबा उघडून बघायला त्याला कोणी अडवलं नव्हतं, आणि माझ्या हातांविषयी तो जे बोलला ते काही तुझ्या दाण्याने त्याच्या तोंडी घातलं नव्हतं. ते मी विसरणार नाही.

त्याचा सूड घेतला आणि त्यालाच परत करून आले. तुझा बाकी आहे. आशीर्वाद देत होतीस हे मला कळतं, आत्या, आणि तरी माझा संताप जात नाही. मशीनं तापल्यावर डबा तर तूही उघडला नाहीस. माझं नाव माठाखाली ठेवून दोन वर्षं पाणी प्यायलीस.

यंदाच्या दसऱ्याला, त्याच हॉलमध्ये, त्याच स्टाफसमोर तू उभी राहा आणि सांग. नितीनभाईला बोलाव. क्लार्क हसतील, हसू देत. तुझा अर्धा राहिलेला शब्दही जाईल, जाऊ दे. मला दया येत नाहीये. दाणा तुझ्याकडेच ठेव, लागेल. हे होईपर्यंत पत्र पाठवू नकोस.

लोभाचं त्यानंतर बघू.
कविता

*

कोसबाड,
१२ ऑक्टोबर २०१६

चि. कवितास,
तू घेशील तर आशीर्वाद.

काल सांगितलं. पूजा झाली, या वेळी कुंकू पत्र्यावरच लावलं. मग मी उभी राहिले आणि दाण्याचा कागद हातात धरून सुरुवातीपासून सगळं सांगितलं. लक्ष्या मध्येच उठला आणि डबे आपण एकट्यानेच उघडले असं म्हणू लागला. त्याला खाली बसवावं लागलं. क्लार्क हसले. मागच्या रांगेतल्या माझ्या मुलीही हसल्या, ते जास्त लागलं.

नितीनभाई आले होते, दाराजवळ बसले होते. तेव्हा तुझ्या हातांविषयी ते जे बोलले होते, ते मी त्यांना पुन्हा बोलून दाखवायला सांगितलं. ते उठले, पण ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाले की मी एक तरी डबा उघडायला हवा होता. मी म्हटलं, मीही. मुख्याध्यापकांनी तुझा नंबर मागितला, दिवाळीनंतर वीस मशीनं यायची आहेत. मी दिला नाही. तिला पत्र लिहा, माफीचं, आणि मग ती येते का बघा, असं सांगितलं.

दाणा मी देव्हाऱ्यात ठेवला नाही. माझ्या ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. हे काय, असं जो विचारेल त्याला मी सांगते की मशीनं माझ्या बोटाने जळली, कविताच्या हाताने नाही. आज अकरा जणांनी विचारलं. अकराही वेळा सांगितलं, आणि सवय होईल असं वाटत नाही.

तुझं मन निवलं असेल तर एक ओळ लिही, म्हणजे मी काच उचलेन. नसेल तर दाणा आहे तिथेच राहील.

लोभ मागायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही.
बारकी आत्या