सही न करणाऱ्या अध्यक्षबाईंना

मकास्सर,
१४ ऑगस्ट, बुधवार

दाएंग तेने यांना हसनियारचा सलाम.

तुमची कंबर कशी आहे? आईचा गुडघा जरा बरा आहे. तुम्ही दिलेलं तेल ती पुरवून पुरवून लावते. इकडे परीक्षा संपल्या, तपासायच्या पेपरांचा ढीग पडलाय. गेल्या महिन्यात मला व्यवस्थापन विभागाची प्रमुख केलं. बावीस वर्षांत पहिलीच बाई, म्हणून दारात अभिनंदनाचे, माझ्या नावाचे फुलांचे मोठमोठे फलक लागले. त्याच आठवड्यात तुम्ही कॉलेजात येऊन गेलात असं शिपायाने सांगितलं. मी नेमकी बाहेर होते. सुकटीची पिशवी पोचली.

आमचा अहवाल छापून आला हे तुम्हाला कळलंच असेल. समुद्री शेवाळ पिकवण्याचा धंदा समुद्र न बिघडवता कसा टिकेल आणि त्यात बायकांच्या हाती कारभार आला तर काय बदलतं, यासाठी मी दोन वर्षं तुमच्या होडीत बसत होते. पहिल्याच दिवशी तुम्ही दोरीवरचं शेवाळ झटकत मलाच विचारलंत, "तुमच्या कॉलेजात साहेबाच्या खुर्चीवर बाई आहे का गं?"

"नाही."

"मग एवढं पेट्रोल जाळून इकडे कशाला आलीस पोरी? तिथेच मोजायचं होतंस!"

बायका इतक्या हसल्या की होडी डुलायला लागली.

त्याच होडीत तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. दोऱ्या तरंगाव्यात म्हणून बांधलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्या समुद्रातून गोळा करून काढून टाकल्या, असं तुमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं. त्याखाली गावच्या गटाच्या अध्यक्ष म्हणून तुमची सही हवी होती. तुम्ही लाटांकडे बोट दाखवलंत. "त्या बघ बाटल्या. बाई अध्यक्ष हवी म्हणून यांनीच मला बसवलं. आता बसले आहे तर सही माझी आहे. नाही केली." मग म्हणालात, "हे लिही, पण माझं नाव घालू नकोस." मी शब्द दिला.

अहवालात नाव नाही. कंपनीला कसं कळलं ते मला ठाऊक नाही, असं मी तुमच्या भाचीला फोनवर सांगितलं. इथेही तेच लिहिणार होते. तशी दोन पत्रं लिहिली आणि फाडली.

दाएंग, गाव मी सांगितलं.

अहवाल वाचून दाखवला त्या दिवशी जेवताना कंपनीचे हर्लान साहेब शेजारी बसले होते. अभ्यासाचा खर्च त्यांचाच होता आणि पुढच्या तीन वर्षांच्या करारावर त्यांची सही व्हायची होती. ते हसत म्हणाले, "कोण हो ही धीट बाई? नाव नको, गाव तरी सांगा. सत्कार करू आम्ही तिचा." सत्कार करणार नाहीत आणि गावावरून ती बाई तुम्हीच हे उघड होईल, हे मला कळत होतं. तरी मी गाव सांगितलं. त्यांनी माझ्या ताटात माशाचा तुकडा वाढला आणि मी तो खाल्ला.

पुढचं तुम्ही भोगलंत. कंपनीने तुमच्या गावचा माल घेणं थांबवलं, आणि तुमच्या जागी तुमचे दीर बसल्यावरच पुन्हा सुरू केलं. दाएंग तेने खोटं बोलली, कॉलेजवाल्या बाईकडून काहीतरी घेऊन बोलली, असं घरोघरी पसरलं. तुमच्या गटाच्या चिटणीसांनी मला फोन करून सरळ विचारलं, "ती म्हणाली ते खरं आहे का?" एक 'हो' पुरे होतं. मी म्हटलं, "संशोधनातली माहिती गुप्त असते. सांगता येत नाही."

आणि तुम्ही कॉलेजात आलात त्या दिवशी मी बाहेर नव्हते. तुम्ही फाटकापाशी फुलांच्या फलकाच्या सावलीत दोन तास उभ्या होतात. मी खिडकीतून बघत होते. 'बैठकीत आहेत म्हणून सांग,' असं शिपायाला मीच म्हटलं. तुम्ही फलकावरचं माझं नाव बोटाने अक्षर अक्षर लावून वाचलंत आणि हसलात. कौतुकाने हसलात, दाएंग.

काल मी प्राचार्यांना आणि कंपनीला लिहून दिलं: बाटल्यांबद्दलचा शब्द न् शब्द खरा आहे, मी स्वतः ऐकला, बाटल्या स्वतः पाहिल्या, आणि बोलणारीचं गाव फोडून मी दिलेला शब्द मोडला. प्राचार्य म्हणाले, "खुर्ची उबदार व्हायच्या आत असं करतं का कुणी?" करार गेला. येत्या सोमवारपासून विभाग दुसऱ्याकडे जाईल. तुमच्यापुढे मिरवावं असं यात काही नाही. मला उशीर झालाय, आणि दीर काही तुमच्यासाठी उठणार नाहीत.

त्याच कागदाची सही केलेली प्रत सोबत आहे. एक चिटणीसांनाही पाठवली. शुक्रवारी नमाजानंतर गटाची सभा आहे. तिथे येऊन मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. तुमच्या घरी मात्र तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. माफी मागत नाही, कारण ती द्यायचं ओझंही तुमच्यावरच पडेल.

तुम्ही खरं बोललात हे ठाऊक असून गप्प बसलेली,
हसनियार